उजळणी वर्ग: मैदानाला पैकीच्या पैकी, वर्गखोली काठावर पास

सरकारी वीज कंपनीत प्रशिक्षणाला नाव आलं की पहिला प्रश्न असतो, माझ्या शिफ्टला कोण बसणार? दुसरा, राहायची सोय बरी आहे का? तिथे शिकवतात काय, हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. लाईन स्टाफ आणि उपकेंद्रातले यंत्रचालक यांच्यासाठी असलेला निवासी उजळणी वर्ग मी नुकताच करून आले. संस्थेचं नाव टाकत नाही. एक तर तिथे शिकवणाऱ्यांना उगाच त्रास नको, आणि दुसरं म्हणजे अशा वर्गांचा साचा बहुतेक ठिकाणी एकच असतो.

मी ३३/११ केव्ही उपकेंद्रात, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर आणून पुढे पाठवतात तिथे, यंत्रचालक आहे. खांबावर चढणं माझं काम नाही. फीडर (उपकेंद्रातून निघणारी लाईन) बंद करणं, त्यावर काम करायची परवानगी म्हणजे परमिट देणं, काम झाल्यावर ते परत घेणं आणि लाईन चार्ज, म्हणजे पुन्हा चालू, करणं, हे माझं काम. खांबावरचा माणूस मला दिसत नाही, मी त्याला दिसत नाही, मध्ये फक्त फोन असतो. तेव्हा हे परीक्षण उपकेंद्रातल्या नियंत्रण पॅनलसमोरच्या खुर्चीतून केलेलं आहे, असं धरून वाचा.

निकाल आधीच सांगून टाकते. नाव आलं तर टाळू नका, जा. मैदानावरचा भाग इतका चांगला आहे की त्याच्यासाठी बाकीचं सोसता येतं. फक्त तो ज्यांनी बघायला हवा त्यातली निम्मी माणसं वर्गाला नसतात. त्यावर पुढे येतेच.

मैदान म्हणजे संस्थेच्या मागच्या बाजूला उभारलेली खोटी लाईन. खांब खरे, क्रॉस आर्म (खांबावरचे आडवे हात) खरे, पिन इन्सुलेटर, डी.ओ. फ्यूज (उडाला की खाली लोंबणारा खांबावरचा फ्यूज), एबी स्विच (लाईन तोडायचा खांबावरचा स्विच), एक जुनं रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर, सगळं खरं, फक्त वीज नाही. ते सांभाळणारे सर निवृत्त लाईन फोरमन आहेत. बोलतात कमी. पोरांना "अरे" आणि आम्हा बायकांना "मॅडम". कुणी पुस्तकातला नियम घडाघडा म्हणून दाखवला की ते म्हणायचे, "पाठ आहे ते कळलं. आता हात कुठे ठेवणार ते दाखव."

पहिला धडा अर्थिंगचा, म्हणजे बंद लाईन जमिनीला जोडण्याचा. इथे मी जरा सावकाश सांगते, कारण एवढी वर्षं अर्थ स्विच टाकूनही काही गोष्टी मला अशा मांडून कुणी सांगितल्या नव्हत्या. लाईन बंद करा, पुन्हा चालू होणार नाही अशी पक्की अडकवा, वीज नाही हे तपासा, अर्थ करून शॉर्ट करा, आणि आजूबाजूला जे चालू आहे त्यापासून आडोसा करा. युरोपातले तंत्रज्ञ हेच पाच नियम याच क्रमाने शिकतात आणि आपल्याकडेही भिंतीवर थोड्याफार फरकाने तेच लिहिलेलं असतं. सरांनी भिंतीवरचं सोडून तिसऱ्या नियमापाशी सगळ्यांना थांबवलं. वीज असली की वाजणारा डिटेक्टर लाईनला लावला, आवाज आला नाही. "लाईन डेड आहे का?" आम्ही म्हटलं, हो. त्यांनी डिटेक्टर उघडून दाखवला, आत सेलच नव्हता. आधी खात्रीने चालू असलेल्या ठिकाणी किंवा तपासणी यंत्रावर डिटेक्टर बोलतो का बघायचं, मग लाईनवर लावायचा, मग परत पहिल्या ठिकाणी. तीन वेळा. हे लिहिलेलं सगळ्यांनी वाचलेलं असतं. रिकामा डिटेक्टर बघितल्यावर मात्र त्या दिवसापासून आमच्या तुकडीत कुणी एकदाच लावून मोकळं झालं नाही.

मग डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार जमिनीला जोडायचा दांडा. आधी जमिनीकडचा क्लॅम्प, नंतर तारेकडचा. काढताना उलट, तारेकडचा आधी. कारण साधं आहे. तारेवर कुठूनही वीज आली, शेजारून धावणाऱ्या दुसऱ्या लाईनमुळे आलेली असली तरी, आणि वायरचं दुसरं टोक अजून तुमच्या हातात असेल, तर जमिनीकडे जायचा रस्ता तुम्हीच झालात. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचं गणित सरांनी मातीत काडीने मांडलं. जमिनीत ठोकलेल्या अर्थचा विरोध ५ ओहम धरा. कुणी चुकून लाईन चालू केली आणि त्यातून १००० ॲम्पिअर गेले, तर त्या अर्थवर किती व्होल्ट? ५०००. म्हणजे ज्या तारेला आपण 'अर्थ केलीय' म्हणून हात लावून बसलोय, ती आणि आपल्या पायाखालची माती यांच्यात ५००० व्होल्ट उभे राहू शकतात. म्हणून नुसता एक फेज जमिनीला जोडून भागत नाही. तिन्ही फेज एकमेकांना शॉर्ट करायचे, म्हणजे बहुतेक करंट तारांतल्या तारांत फिरतो आणि ब्रेकर, म्हणजे उपकेंद्रातला आपोआप तुटणारा स्विच, झटक्यात उडतो. आणि काम चालू आहे त्याच खांबापाशी खांब आणि तारा बांधून घ्यायच्या, म्हणजे माणसाच्या हाताला आणि पायाला व्होल्टेज एकच राहतं. दूर उपकेंद्रात मी टाकलेला अर्थ स्विच त्या खांबावरच्या माणसाला पुरत नाही, हे माझ्या डोक्यात इतकं लख्ख आधी नव्हतं.

ग्राहकाच्या सौर पॅनलमधून किंवा जनरेटरमधून लाईनवर उलट येणाऱ्या विजेचा धडाही याच मैदानावर झाला, आणि तो सगळ्यात ताजा वाटला. एका कोपऱ्यात त्यांनी छोटं रोहित्र उलटं जोडून ठेवलंय, कमी व्होल्टेजच्या बाजूने वीज घातली की दुसऱ्या बाजूचा दिवा पेटतो. मग खऱ्या रोहित्राचा हिशेब. ११ केव्ही ते ४३३ व्होल्टच्या रोहित्रात एलटी (कमी व्होल्टेजच्या) बाजूच्या एका गुंडाळीला २५० व्होल्ट आणि समोर ११ हजार, म्हणजे ४४ पट. कुणाच्या घरचा जनरेटर मेन स्विच न पाडता चालू झाला आणि २३० व्होल्ट लाईनवर परत आले, तर एचटी (जास्त व्होल्टेजच्या) बाजूला १० हजारांच्या वर निघतात. शेजारपाजारचा लोड त्या जनरेटरला बहुधा आडवा करेल, मान्य. पण तेवढ्यात डी.ओ. उघडी असेल आणि मागे फक्त एकच घर असेल तर? मी ब्रेकर पाडून त्याची ट्रॉली पॅनलमधून बाहेर काढली तरी ही वीज माझ्या ब्रेकरकडून आलेलीच नसते. छतावरच्या सौर यंत्रणेचा इन्व्हर्टर ग्रीड गेली की आपोआप थांबायला हवा, तसा तो बनवलेला असतो. सरांचं म्हणणं, तो थांबतो हे गृहीत धरून कुणी चढायचं नाही, तपासून आणि शॉर्ट करूनच चढायचं. जुन्या लाईनमनना हे ऐकताना कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्यांनी काम शिकलं तेव्हा वीज एकाच बाजूने यायची.

हातमोज्यांना अख्खी दुपार दिली आहे. जास्त वाटते, पण नाही. रबरी मोज्यावर वर्ग लिहिलेला असतो: ० म्हणजे १००० व्होल्टपर्यंत, १ म्हणजे ७५००, २ म्हणजे १७०००, ३ म्हणजे २६५००, ४ म्हणजे ३६०००. तेव्हा ११ केव्हीला वर्ग २. घालण्याआधी दर वेळी मनगटाकडून गुंडाळत आणून आत हवा कोंडायची आणि मोजा गालाजवळ धरायचा. भोक सुईएवढं असलं तरी गालाला वाऱ्याची बारीक फुंकर लागते, जी डोळ्यांना दिसत नाही. मी ज्या मोज्याला "चांगला आहे" म्हटलं असतं, त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यातून ती फुंकर आली. वर कातडी मोजा घालायचाच, कारण रबराला पहिली इजा तारेच्या धारेने होते. आणि सहा महिन्यांनी विद्युत तपासणी. संस्थेच्या कपाटात सगळे मोजे तारखेसकट रांगेत ठेवलेले. परत आल्यावर मी आमच्या उपकेंद्रातल्या जोडीवरचा शिक्का शोधला, तर शिक्का पुसून गेलेला. मागणीपत्र दिलंय. आता बघू.

इथेच एक तक्रार. हार्नेस, म्हणजे खांबावर चढताना अंगाला बांधायचे पट्टे, एकाच मापाचे आहेत. वर्गात आम्ही बऱ्याच जणी होतो आणि मांडीचे पट्टे शेवटच्या छिद्रापर्यंत ओढूनही सैल. सैल हार्नेसमध्ये पडलं तर पट्टे सरकून भलतीकडे रुततात, आणि हालचाल न करता लटकत राहिलं की पायात रक्त साचतं आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो, हे त्याच संस्थेच्या तक्त्यावर छापलंय. मोज्यांचं तेच. मोठ्या मोज्यातून नट पकडता येत नाही, मग माणूस मोजा काढतो. नवीन भरतीत बायका येणार हे कंपनीला माहीत आहे, भांडाराला अजून कळायचंय.

शॉकच्या तासाला बाहेरून डॉक्टर आल्या होत्या, आणि त्यांनी तास गाजवला. चार्ल्स डाल्झिएल या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्राध्यापकाने स्वयंसेवकांवर मोजून काढलं होतं, की तार हातात धरलेल्या माणसाला ती स्वतःहून सोडता येते ती मर्यादा किती. सरासरी पुरुषांची १६ मिलिॲम्पिअर, बायकांची १०.५. आकडे ६० हर्ट्झचे आहेत, पण ५० ला चित्र फारसं बदलत नाही. रात्रीचा जुना, तारेचा लहानसा बल्बसुद्धा याहून जास्त करंट खातो. 'एलटीच आहे, काय होतंय' म्हणणारे दोघे-तिघे वर्गात होते, ते गप्प झाले.

छाती दाबून हृदय चालू ठेवायच्या पद्धतीचा इतिहास त्यांनी सांगितला तो मला नवा होता. ती पद्धत ज्यांनी शोधली त्यातले विल्यम कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विजेच्या धक्क्याने हृदयाचं काय होतं याचा अभ्यास करत होते, आणि त्यामागे वीज कंपन्यांचा पैसा होता, कारण त्यांचे लाईनमन मरत होते. छातीवर हृदयाला शॉक देणाऱ्या उपकरणाची पाती जोरात दाबली की रक्तदाबाची लाट दिसते, हे त्यांचा सहकारी निकरबॉकर याच्या प्रयोगात लक्षात आलं. शल्यविशारद जूड सोबत आले आणि १९६० साली तिघांचा लेख प्रसिद्ध झाला. म्हणजे आज दवाखान्यात, विमानतळावर, शाळेत जे शिकवतात ते मुळात आपल्या धंद्यातल्या मरणांमुळे सापडलं. डॉक्टरबाईंनी मग पुतळ्यावर एकेकाला बसवलं. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबानंतर २ श्वास. दोन मिनिटांत दंड भरून येतात. तेव्हा कळतं की एकट्याने हे जमणारं नाही, माणसं पाळीने लागतात, आणि म्हणून लाईनवर एकट्याने जायचं नाही.

भिंतीवर एक जुनं छायाचित्र टांगलंय. १९६७ साली फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला एक लाईनमन खांबावर शॉक लागून उलटा लटकला आणि सोबत्याने तिथेच त्याला तोंडाने श्वास दिला. माणूस वाचला आणि पुढच्या वर्षी त्या चित्राला पुलित्झर मिळालं. चित्र बघून सगळे भारावले. फोरमन सर म्हणाले, श्वास वर देता येतो, छाती वर दाबता येत नाही; लटकलेल्या माणसाच्या पाठीला टेकू कुठला? म्हणून आधी खाली. मग त्यांनी पूर्ण वजनाचा पुतळा खांबावर चढवून ठेवला होता तो उतरवायला लावला. दोर क्रॉस आर्मवरून फिरवायचा, पुतळ्याच्या काखेखालून गाठ, त्याचा पट्टा कापायचा, सावकाश सोडायचा. चांगले तगडे पोरगे पहिल्या वेळी गाठीतच अडकले. जी गाठ जमिनीवर डोळे मिटून बसते ती बुटांच्या आकड्यांवर उभं राहून बसत नाही.

आता फोनचा सराव. माझ्या मते वर्गाची किंमत एवढ्या एका गोष्टीत वसूल होते, आणि गंमत म्हणजे ती वेळापत्रकात नाहीच. सरांनी स्वतःहून घेतली.

मैदानाच्या कडेला एका खोलीत निकामी केलेलं पॅनल आहे. त्यावरच्या फीडरची नावं मुद्दाम सारखी ठेवलीत, शेती-१, शेती-२, शेती-१ जुनी. एकाने मैदानातून फोनवर परमिट मागायचं, एकाने पॅनलसमोर बसून द्यायचं. नियम असा की सांगणाऱ्याने सांगायचं, ऐकणाऱ्याने ते जसंच्या तसं परत म्हणायचं, आणि सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय हँडलला हात नाही. फीडरच्या नावासोबत ब्रेकरचा नंबर. 'बंद केली ना?' 'हो' असं बोलणं बाद. फारच शाळकरी वाटतं. मग सरांनी मैदानात इंजिन चालू केलं, आणि 'शेती-१' मागणाऱ्याला 'शेती-१ जुनी'चं परमिट मिळायला लागलं. परत म्हणून दाखवल्यावर चूक तिथल्या तिथे पकडली जायची. ज्याने परत म्हटलं नाही, त्याचा माणूस कागदावर मेला. सर खरोखर वहीत लिहायचे, 'मेला', वेळ टाकून.

आणि मग तिसरा फोन वाजायचा. साहेबांचा. सर पलीकडच्या खोलीतून साहेब व्हायचे. "काय, किती वेळ झाला लाईन बंद आहे? काम झालंय त्यांचं, माझं बोलणं झालंय. चार्ज करा." परमिट परत आलेलं नाही. "साहेब, परमिट..." "मी सांगतोय ना! वरून तीन फोन आलेत मला. नोकरी तुम्ही करताय की मी?" सर आवाज हुबेहूब काढतात, आयुष्यभर ऐकलाय. एका नव्या यंत्रचालकाने निमूटपणे हँडलकडे हात नेला. खोटं पॅनल, खोटी लाईन, समोर खोटा साहेब, आणि तरी हात गेला. कुणीही हसलं नाही.

सरांनी त्यावर व्याख्यान दिलं नाही. एक वाक्य दिलं आणि प्रत्येकाला ते फोनवर म्हणायला लावलं: "साहेब, परमिट परत आलेलं नाही. ज्याने घेतलंय त्याने परत दिलं की लगेच चार्ज करतो." आवाज पडला की पुन्हा. 'सॉरी साहेब' जोडलं की पुन्हा. मला वाटलं होतं मी एका दमात म्हणेन. शेवटचे शब्द गिळले जायचे, पुन्हा म्हणायला लावलं. फोन ठेवला की लॉगबुकात नोंद करायची, कुणाचा फोन, किती वाजता, काय सांगितलं. नोंद होते आहे हे पलीकडे कळलं की निम्मे फोन थांबतात, हा सरांचा अनुभव.

माझी मुख्य तक्रार इथूनच निघते. ते वाक्य आमच्याकडून घोटून घेतलं, पण ते ज्यांना ऐकवायचं ती मंडळी वर्गात नव्हती. शाखा अभियंता नाही, उपविभागातलं कुणी नाही, नियंत्रण कक्षातलं कुणी नाही. त्यांचे वर्ग वेगळे असतात, वेगळ्या इमारतीत, 'नेतृत्व विकास' वगैरे नावाने. मी साहेब लोकांना खलनायक ठरवत नाही. त्यांच्या माथ्यावर आकडे असतात. वर्षाला एका ग्राहकाची वीज सरासरी किती मिनिटं गेली, किती वेळा गेली, हे जगभर मोजतात, त्यावरून कंपनीची प्रतवारी होते, आणि त्या मिनिटांचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. म्हणूनच त्यांनी त्या खोलीत बसायला हवं. एकदा साहेबांनी लाईनमन व्हावं, खांबाखाली उभं राहावं, आणि लाईनमनने साहेब होऊन "चार्ज करा" म्हणावं. माझी खात्री आहे, दुसऱ्या दिवसापासून फोनचा सूर बदलेल.

दुसरी गैरहजेरी कंत्राटी पोरांची. प्रत्यक्षात खांबावर आज जास्त करून तेच चढतात. उजळणी वर्ग कायम कर्मचाऱ्यांचा, कारण सर्व्हिस बुकात नोंद त्यांचीच होते. कंत्राटदार पोराला प्रशिक्षणाला सोडत नाही, सोडलं तर दिवसाची मजुरी कोण देणार याचं उत्तर कुणाकडे नाही. सरांना विचारलं तर ते नुसते मान हलवून दोर गुंडाळत राहिले.

वर्गखोलीबद्दल थोडक्यात. रिलेचा, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर उडवणाऱ्या उपकरणाचा, तास चांगला होता. ओव्हरकरंट रिलेचं उलट-वेळ वक्र (करंट जास्त तितका वेळ कमी) आलेखावर काढून दाखवलं, सेटिंगच्या दहापट करंट गेला तर टीएमएस (वेळेचा गुणक) १ ला साधारण ३ सेकंद, ०.१ ला ०.३. मग तुटलेली तार कोरड्या खडीवर पडली तर काय, हा प्रश्न शिकवणाऱ्यांनी वर्गाला टाकला. करंट इतका कमी जातो की रिलेला कळतच नाही. फीडर ट्रिप झाला नाही म्हणजे तार खाली नाही, असं यंत्रचालकाने कधी समजू नये. आणि ट्रिप झालेला फीडर कारण न बघता 'एकदा चार्ज करून बघा' म्हणणाऱ्याला हाच आलेख दाखवावा. बुखहोल्झ रिलेचंही छान सांगितलं, १९२१ मध्ये निघालेली युक्ती अजून मोठ्या रोहित्रांच्या पाइपात बसलेली आहे: वायू हळूहळू साचला तर अलार्म, तेलाचा लोट आला तर थेट ट्रिप. अलार्म आला की तो रीसेट करून शिफ्ट बदलेपर्यंत वाट बघायची नसते, एवढं जरी लोक लक्षात ठेवतील तरी एखादं रोहित्र वाचेल.

बाकी स्लाईड. ताणतणाव व्यवस्थापन, सकारात्मक विचार, ग्राहकाशी गोड बोला. शिकवणारे गृहस्थ भले होते, पण रात्रपाळीत एकटी बसणारी बाई आणि दारात आलेला पन्नास जणांचा जमाव, याला त्यांच्या स्लाईडमध्ये जागा नव्हती. विचारलं तर म्हणाले, "शांत राहा." दार आतून लावायचं, पोलिसांचा नंबर काचेखाली ठेवायचा आणि कोणत्याही परिस्थितीत जमावाच्या दबावाखाली ब्रेकर चालू करायचा नाही, हे मागच्या बाकावरच्या एका ज्येष्ठ यंत्रचालक बाईंनी सांगितलं. त्या तासाचं मानधन खरं तर त्यांना मिळायला हवं होतं.

येण्याआधी मोबाईलवर करायचे ऑनलाइन धडे आहेत. पुढे, पुढे, पुढे असं दाबत गेलं की प्रमाणपत्र. शेवटची परीक्षा पर्यायवाली, प्रश्नपत्रिका जुनीच, उत्तरं आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आली. सगळे पास. मैदानावर गाठ न बसलेला पोरगाही पास, हे मला खटकलं. खांबावरून पुतळा उतरवता येतो की नाही, हीच परीक्षा ठेवली तर काय बिघडेल? नापास झाला तर आठवडाभर थांबवा, शिकवा. विमान चालवणाऱ्याला सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा बसवतात, त्याला कुणी अपमान समजत नाही.

अभिप्रायाचा कागद शेवटच्या तासाला भरून घेतात. खोली कशी, पंखा चालतो का, शिकवणारे वेळेवर आले का. परत गेल्यावर कामात काय बदललं हे विचारणारा रकाना नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी फोन करून विचारायची पद्धतही नाही. मी कोऱ्या जागेत लिहून आले: शाखा अभियंत्यांना निदान फोनच्या सरावाला बसवा, हार्नेसची तीन मापं ठेवा, रिकामा डिटेक्टर प्रत्येक तुकडीला दाखवा.

जाणाऱ्यांसाठी कामाचं. आपापल्या उपकेंद्राचं सिंगल लाईन चित्र, म्हणजे काय कुठे जोडलंय ते एकेका रेघेने दाखवणारा नकाशा, सोबत न्या. मैदानावरचे सर ते बघून परतीचा प्रवाह कुठून येऊ शकतो ते बोटाने दाखवतात, आणि हे कुठल्याही स्लाईडवर नाही. मापाचे बूट स्वतःचे न्या. बायकांनी पहिल्याच दिवशी हार्नेस घालून बघा आणि बसत नसेल तर चढायला स्पष्ट नाही म्हणा. सर ऐकतात, रागावत नाहीत. आणि फोनचा सराव छापील वेळापत्रकात नसल्यामुळे तो मागून घ्यावा लागतो. गाठींचा तास संपून सर दोर गुंडाळायला लागले की विचारा. त्यानंतर ते चहाला जातात आणि मग परीक्षेचीच गडबड सुरू होते.